हिरवी तुटक रेघ: ‘समोरून डीपी रोड जाणारे’ असं सांगितलं तर काय तपासायचं

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. “मावशी, कात्रज-कोंढवा रस्त्याच्या आतल्या बाजूला टू बीएचके बघितलाय. भाव परवडतोय. आत्ता जायचा रस्ता जरा बोळासारखा आहे, पण समोरून चोवीस मीटरचा डीपी रोड जाणारे. दोन वर्षांत होईल म्हणाले. घेऊ का?”

“कोण म्हणालं?”

“सेल्स ऑफिसातला मुलगा.”

“त्याला सर्व्हे नंबर विचारलास?”

पलीकडे शांतता.

मी सव्वीस वर्षं पुण्यात टिळक रोडजवळच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्टिंग केलं. ट्रेसिंग पेपर, रोटरिंग पेन, रेघ चुकली की ब्लेडनं हलक्या हातानं खरवडायची. नंतर ऑटोकॅड आलं आणि ब्लेड गेलं. महापालिकेत सादर करायच्या नकाशांवर रस्त्यांच्या किती रेघा ओढल्या असतील त्याची गणती नाही. त्यामुळे नात्यागोत्यात कुणी शहराच्या कडेला फ्लॅट बघायला लागलं की फोन मलाच येतो. दर वेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते.

डीपी रोड म्हणजे विकास योजनेत (डेव्हलपमेंट प्लॅन, डीपी किंवा विकास आराखडा) आखून ठेवलेला रस्ता. तो व्हायला खडी, डांबर, ठेकेदार, निधी हे सगळं लागतं, पण नंतर. आधी लागतो जागेचा ताबा. म्हणून पुढे जे काही सांगणार आहे ते सगळं एकच गोष्ट शोधण्यासाठी आहे: त्या रस्त्याखाली जाणारी जमीन आज कुणाच्या नावावर आहे?

हे मी पुस्तकातून शिकले नाही, तोंडावर आपटून शिकले. २००३ साली आम्ही वडगाव बुद्रुकला फ्लॅट घेतला. इमारतीचा नकाशा आमच्याच ऑफिसातून गेलेला, समोरच्या अठरा मीटर रस्त्याची रेघ मी स्वतःच्या हातानं ओढलेली. म्हणजे मला कुणी फसवायलाही लागलं नाही. सिंहगड रोडपासून आत वळलं की दहा फुटी गल्ली, गल्लीत रस्त्याच्या बरोबर मधोमध एक गोठा, सहा म्हशी. गॅसवाला टेंपो आत आणायचा नाही. सिलिंडर कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीशी उतरवायचा आणि आमचे हे तो तिथून आडवा करून पायानं ढकलत आणायचे. शेणातून. अकरा वर्षं! तेवढी वर्षं मी महापालिकेच्या नावानं बोटं मोडली. मग एकदा, दुसऱ्याच कामाला गेले असताना, त्या गोठ्याचा सातबारा काढला. वडील गेलेले, वारसनोंदीत सात नावं, आणि त्यातल्या सासवडला दिलेल्या बहिणीची सही नव्हती. भाऊ द्यायला तयार, महापालिका घ्यायला तयार, रस्ता अडला होता भावाबहिणींच्या अबोल्यावर. फ्लॅट घ्यायच्या आधी तो कागद काढायला मला एक दिवस लागला असता. असो.

आधी सर्व्हे नंबर, मग बाकीचं

प्रोजेक्टचं नाव, सोसायटीचं नाव, ‘अमुक शाळेच्या मागे’ याचा काही उपयोग नाही. गावाचं नाव, सर्व्हे किंवा गट नंबर आणि हिस्सा नंबर लिहून घ्यायचा. गावाचं नाव बारकाईनं. बुद्रुक की खुर्द, हे तर विचाराच. आंबेगाव बुद्रुक आणि आंबेगाव खुर्द यांचे नंबर वेगळे, आणि लोक सर्रास ‘आंबेगाव’ एवढंच सांगतात.

मग दुसरी यादी करायची, जी कुणीच करत नाही. तुमच्या इमारतीपासून तो रस्ता ज्या मोठ्या रस्त्याला मिळणार, तिथपर्यंत वाटेत कोणकोणते सर्व्हे नंबर लागतात? महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर गावाचा नकाशा उघडतो, त्यावर बोट ठेवत ठेवत जा. भाचीच्या रस्त्याला मुख्य रस्त्यापर्यंत नऊ नंबर लागले. तिचा बिल्डर त्यातल्या एकाचा मालक. उरलेले आठ त्याच्या हातात नाहीत, हे त्या मुलाला ठाऊक असेल नसेल, तुम्हाला ठाऊक हवं.

कोणता आराखडा, आणि कुठल्या अवस्थेतला

‘डीपीत आहे’ हे वाक्य फार फसवं. विकास योजना आधी प्रारूप म्हणून प्रसिद्ध होते, त्यावर हरकती येतात, सुनावण्या होतात, बदल होतात आणि मग शासन ती मंजूर करतं. प्रारूपातली रेघ म्हणजे साखरपुडासुद्धा नव्हे, नुसतं स्थळ आलेलं. पीएमआरडीएनं (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं) २०२१ साली प्रसिद्ध केलेला प्रारूप आराखडा शासनानं २०२५ साली रद्दच केला. त्या चार वर्षांत त्यातल्या रस्त्यांचे रंगीत पट्टे छापून किती गुंठे विकले गेले असतील, विचार करा.

पुण्याभोवती आणखी एक गुंता आहे. गावं वेगवेगळ्या वेळी हद्दीत आली. १९९७ साली काही आली, २०१७ साली अकरा, २०२१ साली आणखी तेवीस. त्यामुळे शेजारच्या दोन गावांचे आराखडे वेगळ्या वयाचे असतात. एका गावातून आलेला चोवीस मीटरचा रस्ता शिवेवर येऊन थबकतो, कारण पलीकडच्या आराखड्यात तो पुढे ओढलेलाच नसतो. म्हणून विचारताना असं विचारा: “ही योजना मंजूर आहे की प्रारूप? मंजूर असेल तर कुठल्या साली?”

खात्रीचा कागद म्हणजे झोन दाखला. मनपा हद्दीत असेल तर मनपाच्या बांधकाम विकास खात्याकडे, बाहेर असेल तर त्या भागाच्या नियोजन प्राधिकरणाकडे अर्ज करून मिळतो. त्या सर्व्हे नंबरवर कोणता झोन, कोणतं आरक्षण, किती रुंदीचा रस्ता हे त्यात येतं. पण तो फक्त त्या एका नंबरपुरता बोलतो. वाटेतल्या बाकीच्या नंबरांसाठी विकास योजनेच्या नकाशाची मोठी शीट बघावी लागते.

आणि मंजूर रेघ म्हणजे झालंच असंही नाही. पुण्याच्या १९८७ च्या विकास आराखड्यात शहराभोवती फिरणारा सुमारे छत्तीस किलोमीटरचा उच्च क्षमतेचा मार्ग दाखवला होता. त्या वर्षी जन्मलेली पोरं आता चाळिशीला टेकली, मार्ग कागदावरच आहे. शिवाय राज्याच्या नगररचना कायद्यात एक कलम आहे, १२७. अंतिम योजना लागू होऊन दहा वर्षं झाली आणि जागा घेतली गेली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत तर ते आरक्षण संपतं. रस्त्याखालची एक पट्टी अशी सुटली की रस्त्याला दात पडल्यासारखी फट पडते.

नकाशावरची हिरवी रेघ

हा माझा प्रांत, म्हणून जरा थांबते.

प्रकल्प महारेरात (गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात) नोंदलेला असेल तर तिथे मंजूर नकाशा बघायला मिळतो. ब्रोशर बाजूला ठेवा. ब्रोशरात रस्ता नेहमी करड्या रंगाचा, दुतर्फा झाडं आणि एक लाल गाडी. मंजूर नकाशात रंगांचे नियम ठरलेले आहेत. प्लॉटची हद्द जाड काळी. प्रस्तावित बांधकाम लाल. पाडायचं काम पिवळ्या तिरक्या रेघांत. अस्तित्वातला रस्ता सलग हिरवा, आणि भविष्यातला रस्ता हिरवा पण तुटक. सलग की तुटक, एवढं बघायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. आम्ही ती तुटक रेघ हातानं काढायचो तेव्हा तुकडे एकसारखे यावेत म्हणून जीव टाकायचो. फ्लॅट घेणाऱ्यानं तिच्याकडे बघितल्याचं मात्र मला आठवत नाही.

मग क्षेत्रफळाचा तक्ता बघा, बहुतेक नकाशांवर उजव्या बाजूला असतो. प्लॉटचं एकूण क्षेत्र, त्यातून वजा रस्त्याखाली जाणारं क्षेत्र. हा आकडा असेल तर बिल्डर आपल्या हद्दीतला रस्त्याचा तुकडा सोडणार हे नक्की, कारण त्याच्या बदल्यात त्याला एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ते प्रमाण) किंवा टीडीआर (बांधकामाचा विकता येणारा हक्क) मिळतो. रस्ता रुंद तितका जास्त टीडीआर प्लॉटवर वापरता येतो, म्हणून त्यालाही रुंद रस्ता हवाच असतो. यातूनच आपल्याकडचं ते अजब दृश्य तयार होतं. इमारतीसमोर चकाचक काँक्रीटचा चोवीस मीटर रुंद रस्ता, दीडशे फूट लांब. एका टोकाला ज्वारी, दुसऱ्या टोकाला पत्र्याची शेड. त्यावर पाहुण्यांच्या गाड्या लागतात आणि संध्याकाळी पोरं क्रिकेट खेळतात. साइट व्हिजिटला आलेल्या माणसाला वाटतं, रस्ता झालाच की!

सध्या इमारतीत जायला कुठली वाट दाखवली आहे तेही त्याच नकाशावर असतं. ती वाट कुणाच्या मालकीची, कायमची की तात्पुरती, हे लेखी मागा. आणि करारनाम्यात प्रकल्पाबाहेरच्या रस्त्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा. बहुतेक वेळा काहीच लिहिलेलं नसतं.

वाटेतले सातबारे

आता त्या दुसऱ्या यादीवर या. महाभूमीवर सातबारा नुसता बघायला पैसे पडत नाहीत, डिजिटल सहीचा हवा असेल तर पंधरा रुपये. प्रत्येक नंबरचा काढा. काय बघायचं? रस्त्याच्या पट्टीचा वेगळा हिस्सा पडलाय का आणि त्यावर कब्जेदार म्हणून महापालिकेचं नाव लागलंय का. लागलं असेल तर तेवढा तुकडा सुटला. नसेल तर किती खातेदार आहेत ते मोजा. एकच नाव असेल तर बोलणं होऊ शकतं. चौदा नावं, त्यात ‘अज्ञान पालनकर्ता’ (म्हणजे वारस अजून लहान, नाव पालकाच्या मार्फत), इतर हक्कात बँकेचा बोजा आणि खाली कोर्टाच्या दाव्याची नोंद असेल, तर दोन वर्षं विसरा. फेरफारांचे, म्हणजे मालकी-हक्कातल्या बदलांच्या नोंदींचे, नंबर दिलेले असतात. शेवटचे दोनतीन उघडून बघा, घरातलं भांडण तिथे दिसतं.

आता मालक जागा का देत नाहीत, हे समजून घेतल्याशिवाय सातबारा वाचून उपयोग नाही. आपण फ्लॅटवाले त्यांना अडवणूक करणारे म्हणून मोकळे होतो. मीही त्या गोठेवाल्याला काय काय म्हटलं होतं. जागेच्या मोबदल्याचे मुख्य मार्ग तीन. एक, उरलेल्या जमिनीवरच वाढीव एफएसआय. दोन, टीडीआर, म्हणजे हक्काचं प्रमाणपत्र, जे बिल्डरला विकता येतं. राज्याच्या सध्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत विरळ वस्तीत दिलेल्या जागेच्या दुप्पट, दाट वस्तीत तिप्पट. तीन, २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं रोख. बाजारभाव आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम.

ज्याची चार एकर आहे त्याला पहिला किंवा दुसरा मार्ग परवडतो. ज्याचे तीन गुंठे आहेत, त्यातले दोन रस्त्यात जातात आणि उरलेल्या एकावर सलूनचं दुकान चालतं, त्यानं टीडीआरचा कागद घेऊन काय करायचं? भाव पडलेला असला तर कवडीमोलानं विकायचा? तो रोख मागतो. महापालिकेला टीडीआर देणं सोपं, कारण त्याला तिजोरीतून पैसा काढावा लागत नाही. रोख द्यायची तर अंदाजपत्रक हलतं. रस्ते अडतात ते या जागी.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण भाचीच्या दारातच होतं. कात्रज चौक ते खडीमशिन चौक, जेमतेम साडेतीन किलोमीटर. मुंबईकडून येऊन सोलापूर रस्त्याला जाणारी जड वाहनं याच रस्त्यानं. ८४ मीटर रुंद करायचं ठरलं, २०१८ साली भूमिपूजनही झालं. जागामालक रोख मोबदल्यावर अडून बसले, तेवढे पैसे नव्हते, आणि शेवटी रुंदी ८४ वरून ५० मीटरवर आणली. त्यानंतरही भूसंपादनासाठी राज्य सरकारकडून पैसे आणावे लागले. आता याच्या शेजारी सिंहगड रोड ठेवा. राजाराम पूल ते फनटाइम थिएटर या उड्डाणपुलाचं काम २०२१ साली सुरू झालं. २०२४ साली राजाराम पुलाचा भाग खुला झाला, २०२५ साली विठ्ठलवाडी ते फनटाइम. काम चालू असताना आम्ही वैतागलो, धूळ खाल्ली, सगळं खरं, पण चार वर्षांत पूल उभा राहिला. इंजिनिअर तिकडे हुशार आणि इकडे मठ्ठ असं काही नाही. पूल बराचसा आधीच ताब्यात असलेल्या रस्त्याच्या डोक्यावरून गेला.

टक्केवारीवर जाऊ नका

“नव्वद टक्के जागा ताब्यात आलीये” असं ऐकलं की माणूस खूश होतो. उरलेले दहा टक्के कुठे आहेत ते विचारा. शेपटाला असतील तर चालेल, रस्ता तिथवर तरी होईल. मधे असतील तर रस्त्याचे दोन तुकडे. आणि तोंडाशी, म्हणजे मोठ्या रस्त्याला मिळतो तिथे असतील, तर नव्वद टक्के रस्ता म्हणजे वाहनतळ. दुर्दैवानं बहुतेक वेळा तोंडच अडतं. मोठ्या रस्त्याला लागून असलेल्या जागेचा भाव सगळ्यात जास्त, तिथे दुकानं, गाळे, भाडेकरू, जुने वाडे. शिवणे-खराडी नदीकाठचा रस्ता असाच तुकड्यातुकड्यांनी पडून राहिला. जिथे जागा मिळाली तिथे झाला, जिथे नाही तिथे नाही.

पायी जा

हे सगळं झाल्यावर, किंवा खरं तर आधीच, त्या रेघेवरून चालत जा. रविवारी सकाळी नको. त्या वेळी पुण्यातला प्रत्येक रस्ता बरा दिसतो. कामाच्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला जा, सोबत पन्नास मीटरची मोजायची टेप घ्या, आणि चपला जुन्या घाला.

कंपाउंडच्या भिंतींवर, घरांच्या कोपऱ्यांवर लाल किंवा पिवळ्या रंगात बाण आणि आकडे दिसतात का? तिथे आखणी झालेली असू शकते. रंग ताजा की चुन्याखाली गेलेला, तेही बघा. रेघेत विहीर, देऊळ, समाधी किंवा मोठं झाड आहे का? घरापेक्षा देऊळ हलवायला जास्त वर्षं लागतात. विजेचे खांब रस्त्याच्या कडेला सरकवलेत की मधेच आहेत? भाचीच्या रस्त्यात बरोबर मध्यभागी महावितरणचा डीपी उभा होता, कुंपणासकट, त्यावर भोपळ्याचा वेल चढलेला. ती म्हणाली, “मावशी, डीपी रोड म्हणजे हाच का?”

पुढे चहाच्या टपरीवर बसलो. टपरीवाल्याला प्रश्न सरळ विचारायचा नाही, ‘रस्ता कधी होणार’ याला सगळे ‘होईल की’ म्हणतात. मी विचारलं, “ही कोपऱ्यावरची जागा कुणाची हो?” चहा संपायच्या आत आम्हाला तीन भाऊ, एक दावा आणि धाकट्याला बांधायचं असलेलं मंगल कार्यालय एवढं कळलं.

शेवटचा कागद

इतकं करूनही शंका उरली तर माहिती अधिकारात अर्ज करा. ‘रस्ता का झाला नाही’ असं विचारू नका. ‘का’चं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, असलेल्या कागदाची प्रत द्यायला आहेत. आम्ही लिहिलं ते असं:

“मौजे …, स. नं. … ते … मधून जाणाऱ्या २४ मी. रुंद विकास योजना रस्त्याबाबत: १) रस्त्याखालील क्षेत्रापैकी ताब्यात आलेल्या क्षेत्राचा सर्व्हे नंबरनिहाय तपशील. २) ताब्यात न आलेल्या क्षेत्राबाबत भूसंपादन प्रस्ताव दाखल असल्यास त्याच्या सद्यस्थितीच्या कागदपत्रांची प्रत. ३) या रस्त्यासाठी चालू वर्षाच्या अंदाजपत्रकातील तरतूद. ४) निविदा व कार्यादेश दिला असल्यास त्याची प्रत. ५) सदर नस्तीची समक्ष पाहणी करू द्यावी.”

तिसऱ्या मुद्द्याचं उत्तर नीट वाचा. तरतूद किरकोळ असेल तर ती नुसती रस्त्याचं नाव यादीत राहावं म्हणून असते. पाचवा मुद्दा विसरू नका. नस्ती, म्हणजे फाइल, समोर आली की त्यात मालकांची पत्रं असतात, आणि कोण काय मागतंय ते त्यांच्याच अक्षरात वाचायला मिळतं.

अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवायचा, उत्तराला तीस दिवस. भाचीनं गेल्या मंगळवारी दिला. तोवर बुकिंगचा चेक तिच्या पर्समध्येच आहे, आणि सेल्स ऑफिसातला मुलगा रोज फोन करून सांगतो की या भावातला शेवटचा फ्लॅट उरलाय. दुसऱ्या प्रतीवर आवक-जावकचा शिक्का आणि तारीख घ्यायला मात्र ती विसरली होती. मी तिला परत पाठवलं.